माणिकासारखा लाल, पण माणिक नाही: लाल बेरिलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात माणिक आणि स्पिनेलमधला फरक सांगितला होता, त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले त्यातल्या बऱ्याच जणांनी वेगळंच विचारलंय. कुणी "लाल पन्ना" म्हणतंय, कुणी "रेड बेरिल", एकाने तर नुसता इन्स्टाच्या रीलचा स्क्रीनशॉट पाठवलाय आणि खाली लिहिलंय "हे काय?". म्हणून यावेळचं अख्खं सदर या एकाच खड्याला. मला स्वतःला हा खडा फार आवडतो, आणि त्याच्या नावाखाली लोकांना काहीबाही विकलं जातं याचं वाईटही वाटतं, त्यामुळे उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न: मॅडम, ऑनलाइन एक सेलर ५ रत्तीचा नॅचरल "लाल पन्ना" १८ हजारांत देतोय. सर्टिफिकेट सोबत आहे म्हणतो. फोटोत एकदम स्वच्छ दिसतो, आरपार. पन्ना लाल पण असतो का? मुलीच्या लग्नात अंगठी करायची आहे, घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर: घेऊ नका ताई. आधी हे सांगून टाकते, कारण खाली सांगते.

पन्ना हे बेरिल नावाच्या खनिजाचं एक रूप. बेरिल म्हणजे बेरिलियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आणि हे खनिज अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो, पाण्यासारखं. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम थोडंसं घुसलं की हिरवा रंग येतो, तो आपला पन्ना. लोह घुसलं तर निळसर, ते अॅक्वामरीन. मँगनीज घुसलं तर गुलाबी मॉर्गनाइट, आणि तेच मँगनीज जास्त ऑक्सिडाइझ झालेल्या अवस्थेत असेल तर गडद लाल. ते लाल बेरिल. म्हणजे पन्ना आणि लाल बेरिल एकाच घरातले, पण लाल बेरिलला पन्ना म्हणणं हे विकणाऱ्यांचं काम आहे, पन्न्याच्या नावाला बाजारात जो मान आहे तो फुकटात मिळतो ना.

आता मुख्य गोष्ट. दागिन्यात घालता येईल असं लाल बेरिल जगात जवळजवळ एकाच ठिकाणाहून आलेलं आहे, अमेरिकेतल्या युटाह राज्यात वा वा नावाचे डोंगर आहेत तिथल्या रुबी व्हायोलेट या जागेतून, आणि तिथलेही स्फटिक लहान. पैलू पाडलेला खडा बहुतेक वेळा एक कॅरटच्या आतच असतो, आणि बरेचसे तर कॅरटचा पाव भागही भरत नाहीत, मोहरीपेक्षा मोठे आणि तुरीच्या डाळीपेक्षा लहान. एक कॅरटचा बऱ्या रंगाचा खडा हजारो डॉलरला जातो, दोन-तीन कॅरटचा चांगला खडा तर कलेक्टर लोक वर्षानुवर्षं शोधत असतात. तुमचे ५ रत्ती म्हणजे, खड्यांच्या बाजारात चालते ती रत्ती धरली तर, साडेचार कॅरटच्या आसपास. तेवढा मोठा, वर आरपार स्वच्छ, आणि १८ हजार रुपये? हे तीन एकत्र बसतच नाही. (आणि वजन नेहमी कॅरटमध्ये लिहून मागा. रत्ती प्रत्येक दुकानात सारखी नसते, सोनाराची रत्ती वेगळी आणि खडेवाल्याची वेगळी, कॅरट मात्र सगळीकडे ०.२ ग्राम.)

मग तो देतोय काय? रंगीत काच असू शकते, गार्नेट असू शकतं, नाहीतर लॅबमध्ये बनवलेलं लाल बेरिल. हे शेवटचं खरंच असतं. १९९०च्या दशकात रशियात हायड्रोथर्मल पद्धतीने लाल बेरिल तयार करायला लागले, म्हणजे बंद भांड्यात प्रचंड दाबाखाली गरम पाण्यात घटक विरघळवून स्फटिक वाढवायचा. दिसायला सुंदर असतं, मोठं मिळतं, स्वच्छ मिळतं. लॅबचं आहे असं सांगून, त्या भावात विकलं तर माझी काहीच तक्रार नाही, मुलीला तेच घ्या आणि हौसेने घाला. पण "नॅचरल" म्हणून घेऊ नका.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ते कुणी दिलंय ते बघा. सेलरनेच छापलेलं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नाही. मुंबईत जीआयए, आयजीआयसारख्या लॅब आहेत, जयपूरला रंगीत खड्यांची जुनी टेस्टिंग लॅब आहे, त्यांच्या रिपोर्टवर खनिजाचं नाव बेरिल, नैसर्गिक की सिंथेटिक, आणि चिरा झाकायला तेल किंवा रेझिन भरलंय का हे तिन्ही असायला हवं. रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, सेलरने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करून नाही. आणि दागिन्यावर हॉलमार्क आहे म्हणजे खडा खरा असं समजू नका, हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न: आमचं नाशिकला छोटं सराफी दुकान आहे. गिऱ्हाईक असे लाल खडे घेऊन येतात आणि "माणिक आहे का रेड बेरिल" विचारतात. प्रत्येक वेळी लॅबला पाठवणं परवडत नाही, दुकानात काही करता येतं का?

उत्तर: बरंच काही करता येतं, आणि तुमच्याकडे कॅरट काटा आहे म्हणजे अर्धं काम झालंच. खडा सुटा हवा मात्र, अंगठीत बसवलेला असेल तर ही टेस्ट विसरा.

खड्याचं वजन करून घ्या. मग काट्यावर छोटा ग्लास पाणी ठेवा आणि काटा शून्य करा. खडा बारीक नायलॉनच्या धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरून लटकवा, तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, आणि खड्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा. आता काट्यावर जो आकडा येतो तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. पहिल्या वजनाला या आकड्याने भागायचं. समजा खडा २ कॅरटचा आहे, म्हणजे ०.४०० ग्राम. पाण्यातला आकडा ०.१०० च्या आसपास आला तर उत्तर ४ येतं, तो माणिक. ०.१११ आला तर ३.६, ते स्पिनेल. ०.१५० आला तर २.६७ च्या जवळ, तिथे बेरिल असायची शक्यता आहे. लाल टुर्मलिन ३.०६ च्या आसपास येतं, लाल गार्नेट साधारण ३.७ च्या पुढे. काच काहीही येऊ शकते, तिचा भरवसा नाही. मिलिग्रामपर्यंत दाखवणारा काटा हवा, आणि खडा अर्ध्या कॅरटच्या खाली असेल तर एवढ्याशा चुकीने उत्तर कुठल्या कुठे जातं, तेव्हा तिथे फार विश्वास ठेवू नका.

दुसरं म्हणजे यूव्ही टॉर्च. अंधारात लाँगवेव्ह यूव्ही मारली की बर्मी माणिक निखाऱ्यासारखा लाल पेटतो, लोह जास्त असलेला माणिक मंद, लाल स्पिनेलही बऱ्याचदा चमकतं. लाल बेरिल मात्र गप्प बसतं, काहीच नाही. लॅबमधला माणिक तर सगळ्यात जोरात चमकतो, त्यामुळे चमकला म्हणजे खाणीतला असं मात्र गिऱ्हाइकाला सांगू नका.

तिसरं, दहा पटीचं भिंग. खाणीतल्या लाल बेरिलमध्ये बारीक चिरा असतातच, पडद्यासारख्या पसरलेल्या, कधी त्यात काळे कण अडकलेले, आणि रंग सगळीकडे एकसारखा नसतो, मधे नारिंगीकडे झुकलेला आणि कडेला लाल असं दिसू शकतं. खडा फिरवत गेलात तर एका बाजूने जांभळट लाल आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी लाल, हेही बघा. लॅबमधल्या खड्यात बाणाच्या टोकासारख्या, एकात एक बसलेल्या वाढीच्या रेषा दिसतात, त्या दिसल्या की समजायचं. पण नाही दिसल्या म्हणून खाणीतला ठरत नाही. घनतेनेही खाणीतलं आणि लॅबमधलं बेरिल वेगळं काढता येत नाही, दोन्ही बेरिलच. तिथे इन्फ्रारेड मशीनच लागतं, म्हणजे लॅब आलीच. ते मशीन नेमकं काय बघतं ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न: मी कराडला जिऑलॉजी शिकतो. बेरिल तर जगभर सापडतं, मग लाल बेरिल जवळजवळ एकाच राज्यात का? आणि ते शोधलं कुणी?

उत्तर: हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं.

आधी शोधाचं. १९०४ मध्ये मेनार्ड बिक्सबी नावाच्या माणसाला युटाहच्याच थॉमस रेंजमध्ये हे छोटे लाल स्फटिक दिसले. पुढच्याच वर्षी हिलेब्रँड या केमिस्टने त्याचं वर्णन छापलं, आणि १९१२ मध्ये एपलर यांनी त्याला बिक्सबाइट नाव दिलं. गंमत म्हणजे बिक्सबीच्याच नावाचं बिक्सबीआइट हे दुसरं काळं खनिज आधीपासून होतं, मँगनीज आणि लोहाचं ऑक्साइड, आणि दोन्ही एकाच भागात सापडतात, म्हणून गोंधळ नको म्हणून आता सगळे सरळ लाल बेरिलच म्हणतात. थॉमस रेंजमधले स्फटिक फारच बारीक, कापण्यासारखे नव्हतेच. दागिन्याजोगा माल मिळाला तो १९५८च्या सुमारास वा वा डोंगरात, आणि तो ज्याला मिळाला तो लमार हॉजेस युरेनियम शोधत फिरत होता. त्या काळात अमेरिकेच्या पश्चिमेला युरेनियमचं वेडच होतं. पुढे १९९०च्या दशकात केनेकॉटसारख्या मोठ्या खाण कंपनीनेही तिथे तपासणी केली, पण मोठी खाण काही उभी राहून टिकली नाही, मालच तेवढा नाही.

आता का ते. नेहमीचं बेरिल बनतं पेग्मटाइटमध्ये, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या दगडात, खोल जमिनीत, सावकाश, आणि तिथे पाणी भरपूर असतं. लाल बेरिल रायोलाइटमध्ये बनलं, म्हणजे वर येऊन पसरलेल्या लाव्हात. साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत होता, आकसताना त्याला चिरा पडत होत्या, आणि त्या चिरांमधून गरम वायू वर येत होता ज्यात फ्लोरिन होतं आणि फ्लोरिनला धरून बेरिलियम होतं. तो वायू आजूबाजूच्या दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाशी आणि तिथल्या मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडशी भिडला, आणि चिरांच्या कडेने लाल बेरिल वाढलं. आता बघ किती गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागल्या. बेरिलियम जास्त असलेला लाव्हा हवा, ते बेरिलियम दुसऱ्या कुठल्या खनिजात निघून जाता कामा नये, मँगनीज हवं आणि ते जास्त ऑक्सिडाइझ झालेलं हवं, तापमान योग्य हवं, आणि पाणी जवळजवळ नको. यातलं एक चुकलं की वेगळंच काहीतरी बनतं. हे मी हवेत बोलत नाहीये, त्याच युटाहमध्ये स्पोर माउंटन आहे, तिथे बेरिलियम एवढं आहे की जगातली सगळ्यात मोठी बेरिलियमची खाण तिथे चालते, पण तिथे ते बरट्रँडाइट नावाच्या खनिजात जाऊन बसलंय, जे बघून कुणी त्याची अंगठी करणार नाही.

आणि पाण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. बेरिलच्या रचनेत सिलिकॉन-ऑक्सिजनच्या सहा-सहा गटांची कडी एकावर एक रचलेली असतात, त्यातून लांबच लांब पोकळ नळ्या तयार होतात, आणि पन्ना किंवा अॅक्वामरीनच्या नळ्यांमध्ये पाण्याचे रेणू बसलेले असतात. वा वा डोंगरातलं लाल बेरिल गरम वायूतून बनलं म्हणून त्याच्या नळ्या जवळपास कोरड्या. लॅबमधलं लाल बेरिल मात्र पाण्यातच वाढवलेलं, त्याच्यात पाणी अडकतंच. इन्फ्रारेडमध्ये त्या पाण्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. वरती नाशिकच्या दादांना म्हटलं ना मशीन काय बघतं, ते हे बघतं. शिवाय रशियन मालात रंगासाठी कोबाल्टही घातलेलं सापडलंय, ते स्पेक्ट्रोस्कोपमध्ये पकडलं जातं.

तुला कधी मॅट्रिक्सवरचा, म्हणजे मूळ दगडावरचा नमुना बघायला मिळाला तर सोडू नकोस. खरखरीत राखाडी-पांढरा रायोलाइट, आणि त्यातून सहा कडांचा, वरून सपाट कापल्यासारखा, नखाच्या निम्म्या रुंदीचा एक लाल खांब सरळ बाहेर आलेला. मला विचारशील तर पैलू पाडलेल्या खड्यापेक्षा हाच जास्त देखणा.

प्रश्न: मग आपल्या सह्याद्रीत असं काही मिळू शकेल का? ज्वालामुखी तर आपलाही आहे! – वाचक, पुणे

उत्तर: ज्वालामुखी आहे, पण दगड वेगळा. आपला दख्खन बहुतांशी बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि बेसॉल्टमध्ये बेरिलियम अगदी नगण्य असतं. मुंबईत गोराई-मनोरीकडे थोडा रायोलाइट आहे, पण रायोलाइट असून भागत नाही, वर सांगितलेलं सगळंच जुळावं लागतं, आणि लाल बेरिल तिथे सापडलेलं नाही. भारतात बेरिल आहे ते पेग्मटाइटच्या भागात, राजस्थानात वगैरे, तिथे अजमेरच्या बाजूला पन्नाही सापडलाय, पण लाल नाही.

पण तुम्ही पुण्याचे म्हणून सांगते, दुर्मिळ खनिज बघायला युटाहला जायची गरज नाही. वाघोलीच्या दगडखाणीत मिळालेलं कॅव्हनसाइट बघितलंय का? गडद निळे, काट्याकाट्यांचे गोळे, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले. हे खनिज पहिल्यांदा १९६७ मध्ये अमेरिकेत ओरेगनला सापडलं, पण जगातल्या म्युझियममध्ये जे सुंदर नमुने आहेत ते वाघोलीचे. तो दागिन्याचा खडा नाही, फार नाजूक आहे, कपाटात ठेवून बघत बसायचा.

प्रश्न: आम्ही सॉल्ट लेक सिटीला राहतो. मुलांना घेऊन लाल बेरिल शोधायला जाता येईल का?

उत्तर: वा वा डोंगरातली जागा खाजगी क्लेम आहे, म्हणजे तिथलं खनिज काढायचा हक्क कुणाच्या तरी नावावर आहे, परवानगीशिवाय तिथून काहीही उचलणं हा गुन्हा आहे, त्यामुळे ते नको. पण थॉमस रेंजमध्ये टोपाझ माउंटन आहे, डेल्टा गावाच्या वायव्येला, तिथे सार्वजनिक जागेत हौशी लोकांना खडे शोधता येतात. कुठला भाग सार्वजनिक आणि कुठला क्लेम आहे ते निघण्याआधी नकाशावर बघा. तिथे टोपाझ मिळतो, आपला पिवळा नीलमवर्गातला पुष्कराज (पुखराज) नाही. ताजा फोडलेल्या दगडातून निघतो तेव्हा तो शेरी वाइनसारखा तपकिरी-सोनेरी असतो आणि उन्हात राहिला की रंग उडून पांढरा होतो, म्हणून सापडल्यावर लगेच कागदात गुंडाळून अंधारात ठेवायला मुलांना सांगा. लाल बेरिलचे बारीक कण तिथे कधीमधी दिसतात, दिसलं तर नशीब. पाणी सगळं सोबत न्या, तिथे काही मिळत नाही, आणि हातोडी मारताना सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

प्रश्न: माझ्या पत्रिकेत माणिक सांगितलंय. माणिक महाग पडतो, त्याऐवजी लाल बेरिल चालेल का?

उत्तर: नवरत्नांत सूर्याचं रत्न माणिक, आणि लाल बेरिल तर जगालाच १९०४ मध्ये कळलं, त्यामुळे जुन्या ग्रंथात त्याचं नाव असणं शक्यच नाही. चालेल की नाही हे ज्यांनी पत्रिका बघितली त्यांना विचारा, तो माझा विषय नाही. माझ्या विषयातलं एवढं सांगते की खरं लाल बेरिल माणिकापेक्षा स्वस्त पडणार नाही, आणि रोज घालायच्या अंगठीला ते माणिकाइतकं टिकत नाही. माणिकाचा कठीणपणा ९, याचा साडेसात ते ८, वर चिरा. बजेट कमी असेल तर छोटा पण खरा माणिक घ्या, गरम केलेला चालेल, चिरांत काच भरलेला नको, आणि दुकानदाराला बिलावर "ग्लास फिल्ड नाही" असं लिहून द्यायला सांगा. लिहायला तयार नसेल तर तिथून निघा.

प्रश्न: पेनाइट हे लाल बेरिलपेक्षा दुर्मिळ आहे का?

उत्तर: एके काळी नक्की होतं. १९५०च्या दशकात आर्थर पेन यांनी बर्मातून आणलेल्या स्फटिकांवरून त्याला नाव मिळालं आणि कित्येक वर्षं जगात दोन-तीनच नमुने माहीत होते, गिनीज बुकातही जगातलं सगळ्यात दुर्मिळ खनिज म्हणून नोंद झाली. २००० नंतर बर्मातल्याच मोगोकच्या आसपास मूळ जागा सापडल्या आणि बरेच स्फटिक निघाले. पण बहुतेक तपकिरी-लाल, चिरलेले, त्यातून स्वच्छ खडा निघणं अजूनही कठीणच. आणि "दीड लाख हिऱ्यांमागे एक लाल बेरिल" असली वाक्यं जाहिरातीत फिरतात ती मनावर घेऊ नका. हिऱ्यांच्या खाणी कितीतरी देशांत चालतात, दरवर्षी कोट्यवधी कॅरट निघतात, एका डोंगराची त्याच्याशी तुलना करून भाव ठरत नाही.

प्रश्न: माझ्याकडे मावशीने अमेरिकेतून आणलेली छोट्या लाल बेरिलची पेंडंट आहे, रिपोर्टसकट. साफ कशी करू? – वाचक, ठाणे

उत्तर: किती छान! रिपोर्टवर तेल किंवा रेझिनबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा, कारण चिरा झाकायला पन्न्यासारखंच यातही भरतात. भरलेलं असो वा नसो, सराफाकडच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू देऊ नका, वाफेचं मशीन नको, लिंबू-सोडा नको, गरम पाणी नको. कोमट पाणी, साध्या साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, मागच्या बाजूने हलकेच, आणि सुती कापडाने पुसून घ्या. कोंदण सैल झालं आणि सोनाराकडे द्यायची वेळ आली तर खडा काढूनच डाग द्यायला सांगा, आच लागली तर चिरेतलं तेल जातं आणि चीर उघडी पडते. बाकी पेंडंट आहे म्हणजे अंगठीसारखी आपटत नाही, सणावारीच कशाला, हवी तेव्हा घाला.